मिठाच्या वाटीतले पंचाहत्तर टक्के

माझा मेहुणा मर्चंट नेव्हीत आहे. मे महिन्यात तो बोटीवरून उतरला तेव्हा त्याच्या सामानात सिगारची एक लाकडी पेटी होती. झाकणात ओलसर स्पंजची डबी, दर्शनी बाजूला पितळी कडेचं, आर्द्रता दाखवणारं, घड्याळासारखं गोल मीटर. अशा पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. जुलैत, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, त्याचा फोन आला. "भाऊजी, मीटर ५६ दाखवतंय. ७० च्या आसपास हवं. रोज स्पंजवर डिस्टिल्ड वॉटर घालतोय, तरी काटा हलत नाही. सगळ्या सिगार वाळून जाणार."

घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये, जुलैत, काही वाळून जाईल? माझ्या कपाटातल्या चामडी पट्ट्यावर त्याच आठवड्यात पांढरी बुरशी आली होती. मी त्याला म्हटलं, "आधी पाणी घालणं थांबव. आणि स्वयंपाकघरातून चमचाभर मीठ घे."

सिगारबद्दल एकदाच सांगून टाकतो. परळला टाटा रुग्णालयासमोरून जो एकदा चालत गेलाय, त्याला तंबाखूबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. मेहुण्यालाही मी ते सांगितलंय. पण त्या पेटीच्या निमित्ताने जो प्रश्न पुढे आला तो कॅमेऱ्याची लेन्स, सतार, जुनी पुस्तकं, बियाणं, औषधं अशा सगळ्यांचा आहे. आर्द्रता दाखवणारं मीटर खरं बोलतंय की खोटं, हे घरात कसं ओळखायचं?

त्याचं उत्तर मिठात आहे, आणि ते मला इतकं आवडतं की त्यावर जरा रेंगाळणार आहे.

पावसाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: मिठाला पाणी सुटलं. त्यातून एक चुकीचं चित्र मनात बसतं. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते काकडीतलंच असतं. मिठाच्या कणात मात्र सुटण्याजोगं पाणी नसतंच. ते हवेतून येतं. मीठ पाणी सोडत नाही, घेतं. आणि ते कधी घ्यायचं याचा त्याचा आकडा ठरलेला आहे. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ७५ टक्क्यांपेक्षा कमी सापेक्ष आर्द्रतेच्या (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, त्याच्या किती टक्के आहे ते) हवेत महिनोन्‌महिने ठेवलं तरी कोरडं राहतं. आर्द्रता ७५ च्या वर गेली की ते हवेतली वाफ ओढायला लागतं आणि विरघळत जातं. मधली अवस्था जवळजवळ नाहीच.

आता हेच उलट बाजूने पाहा. मिठात थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा केला. काही मीठ विरघळलं, काही तसंच राहिलं. म्हणजे संपृक्त, आणखी मीठ न मावणारं द्रावण आणि खाली न विरघळलेले कण, दोन्ही एकत्र. हा लगदा छोट्या टोपणात भरून हवाबंद डब्यात ठेवला. डब्यातली हवा कोरडी असेल तर द्रावणातून पाणी उडतं, आणि तेवढं मीठ पुन्हा कण होऊन खाली बसतं. हवा जास्त दमट असेल तर द्रावण वाफ ओढून घेतं, आणि खालचे काही कण त्या नव्या पाण्यात विरघळतात. दोन्ही वेळा द्रावण संपृक्तच राहतं, म्हणून त्यावरच्या हवेची आर्द्रताही एकाच जागी येऊन थांबते: ७५ टक्के.

टोपणभर मीठ एवढ्या हवेला पुरेल का, असं वाटतं. पण एक लिटरच्या डब्यातल्या हवेत, ३० अंश सेल्सिअसला आणि ७५ टक्के आर्द्रतेला, वाफेच्या रूपात जेमतेम २३ मिलिग्रॅम पाणी असतं. टोपणातल्या लगद्यात एक-दोन ग्रॅम तरी असतं. हवेला लागेल तेवढं दिलं-घेतलं तरी टोपणाला ते जाणवतसुद्धा नाही.

पण ७५ च का? ८० किंवा ६० का नाही? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राउल्ट यांनी १८८० च्या दशकात दाखवलं की द्रावणात शंभर कणांमागे पाण्याचे जितके रेणू, साधारण तितके टक्के बाष्पदाब (वरच्या हवेतल्या वाफेचा दाब) शुद्ध पाण्याच्या तुलनेत उरतो. ही टक्केवारी म्हणजेच त्या हवेची सापेक्ष आर्द्रता. हिशोब करू. एक किलो पाण्यात ५५.५ मोल रेणू असतात (मोल हे रेणू मोजायचं एकक). त्यात जास्तीत जास्त ३६० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, म्हणजे ६.१५ मोल. पाण्यात मीठ फुटून सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, म्हणून कण झाले १२.३ मोल. आता ५५.५ ला ६७.८ ने भागा. उत्तर येतं ०.८२, म्हणजे ८२ टक्के. प्रत्यक्षात मात्र ७५. मधले सात टक्के कुठे गेले? राउल्ट यांचा नियम सगळे कण एकमेकांशी सारखेच वागतात असं धरून चालतो. आयन तसे वागत नाहीत. एकेका सोडियम आयनाभोवती पाण्याचे पाच-सहा रेणू घट्ट गोळा होतात. ते हवेत उडायला मोकळे नसतात, म्हणून बाष्पदाब नियमाने सांगितलं त्याहून आणखी खाली येतो. ही वजाबाकी मी कॉलेजात पहिल्यांदा केली तेव्हा वही बाजूला ठेवून डब्यातल्या मिठाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

दुसरी गंमत तापमानाची. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यातही ३९ च. त्यामुळे तो ७५ चा आकडाही जवळजवळ हलत नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या लुईस ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली अशा अनेक क्षारांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात सोडियम क्लोराइडसाठी २० अंशांना ७५.४७, २५ ला ७५.२९ आणि ३० ला ७५.०९ असे आकडे आहेत. डिसेंबरची मुंबई असो की मेची, वाटीतलं मीठ तेच सांगणार.

इथे एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवं. घराच्या कोपऱ्यात खडेमिठाची वाटी ठेवा, ती ओली झाली की समजा तिने नकारात्मक ऊर्जा शोषली, असे सल्ले वास्तूच्या नावाने सर्रास दिले जातात. काही जण त्याचे पैसेही घेतात. पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाताना भांडुप-मुलुंडच्या बाजूला मिठागरं दिसतात. समुद्राच्या पाण्यातून मीठ जमल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असतं, आणि न धुतलेल्या खडेमिठाला ते चिकटून राहतं. त्याचा आकडा आहे ३३. मुंबईची हवा वर्षातले बहुतेक दिवस त्याहून दमट असते. मग वाटी ओली होणारच. तीच वाटी मे महिन्यात नागपूरला ठेवा, दुपारी कोरडी ठणठणीत सापडेल. माणसाच्या मनातली भीती आणि मिठाला आलेली ओल यांचा काहीही संबंध नाही, आणि ज्या घरात आधीच काळजी आहे तिथे अशी वाटी ठेवून ती वाढवू नये.

तर मेहुण्याची चाचणी. साधं घरातलं मीठ चालतं. त्यातलं आयोडीन किंवा गुठळ्या न होण्यासाठी घातलेला पदार्थ इतका थोडा असतो की आकड्यात फरक दिसत नाही. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालायचं. मीठ दिसेनासं होईपर्यंत पाणी घातलं तर सगळा खेळ फसतो, कारण कणच उरले नाहीत तर द्रावण पातळ होत जातं आणि हवा ७५ च्या वर जाते. पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात टोपण आणि मीटर शेजारी ठेवायचे, मिठाचा मीटरला स्पर्श होऊ द्यायचा नाही. मग चोवीस तास थांबायचं आणि आकडा बाहेरूनच वाचायचा. झाकण उघडलं की आत मुंबई शिरते.

डबा फ्रिजवर, खिडकीत किंवा पंख्याखाली नको. मीटर मिठापेक्षा एका अंशाने जरी गरम झालं तरी ते चारेक टक्के कमी दाखवतं, आणि आपण दोष मीटरला देतो.

त्याच्याकडे तोवर लॅमिंग्टन रोडवरून आणलेली दोन डिजिटल मीटरही जमली होती. पेटीत ती ६५ आणि ७२ दाखवत होती, पितळी मीटर ५६. मिठाच्या डब्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघांचे आकडे आले: ७२, ७९ आणि ६३. पहिलं तीन कमी दाखवतं, दुसरं चार जास्त, पितळी तब्बल बारा कमी. दुरुस्ती करून पाहिलं तर तिन्ही मीटर एकाच गोष्टीवर सहमत होती. पेटीत आर्द्रता ६८ होती. अगदी हवी तेवढी. अजून आठवडाभर स्पंज भिजवला असता तर बुरशीच आली असती. पावसाळ्यात मुंबईच्या पेटीला पाणी लागतच नाही, झालं तर बाहेरची ओल आत येऊ न देणं एवढंच काम असतं.

पितळी मीटरच्या मागे एक स्क्रू असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. त्याच्या पोटात बहुतेकदा धातूच्या पट्टीवर ओल शोषणारा थर देऊन केलेली गुंडाळी असते, ओलीने ती उलगडते आणि काटा फिरतो. मूळ कल्पना जुनी आहे. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाच्या केसाचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, मांडला होता. तेल काढलेला केस पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत फारतर अडीच टक्के लांबतो, तेवढ्यावर काटा चालतो. डिजिटल मीटरमध्ये पॉलिमरचा पातळ पापुद्रा ओल शोषतो आणि त्याची विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. स्वस्त मीटरमध्ये पाच टक्क्यांची चूक त्याच्या खोक्यावरच लिहिलेली असते, ती बघायची आपल्याला सवय नाही.

ओल्या टॉवेलात मीटर गुंडाळा, १०० यायला हवं, हा सल्लाही ऐकायला मिळतो. तो ऐकू नका. टॉवेलात हवा पूर्ण संपृक्त होईलच असं नाही, आणि बहुतेक मीटर त्या टोकालाच सर्वांत जास्त चुकतात. सिगारला ७० च्या जवळ राहायचं असतं, म्हणून ७५ ची चाचणी तिथे चपखल बसते.

माझ्या लेन्सच्या डब्याचं मात्र तसं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. डब्यातलं मीटर तेव्हा ४८ दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. मिठात ठेवल्यावर ते ७५ ऐवजी ६१ दाखवू लागलं. चौदा मिळवून मी डब्याची आर्द्रता ६२ धरली. पण ७५ ला असलेली चूक ४८ ला तेवढीच असेल, असं कशावरून? प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानातून मॅग्नेशियम क्लोराइड आणलं आणि तसाच लगदा केला. तिथे ३३ यायला हवं, मीटर म्हणालं २५. इथे चूक फक्त आठची. दोन्ही बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून सरळ रेघ ओढली तेव्हा ४८ च्या समोर ६० आलं. लेन्ससाठी मला ४५ च्या आसपास आर्द्रता हवी असते, आणि त्या रेघेवर ४५ च्या समोर मीटरचा आकडा येतो ३५. डब्याच्या झाकणावर आत चिकटपट्टी लावून तोच लिहून ठेवलाय. काटा त्याच्या वर गेला की सिलिका जेल काढतो, कढईत मंद आचेवर परततो आणि परत ठेवतो. या पावसाळ्यात आतापर्यंत चार वेळा.