एका पत्र्यातले अनेक रंग: कृष्णा रेड्डी यांच्या छपाईमागचा इतिहास

धातूच्या पत्र्यावरून रंगीत चित्र छापायचं तर पूर्वी बहुधा प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा कोरावा लागे. कागद दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसायला हवा; केसभर सरकला तरी प्रत वाया. ही कटकट विसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये मिटली. ती मिटवणाऱ्यांत एक नाव आंध्रातल्या शिल्पकाराचं होतं: कृष्णा रेड्डी.

त्यांचा जन्म १९२५ सालचा, चित्तूर जिल्ह्यातला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस, लंडनच्या स्लेड कलाशाळेत हेन्री मूर, पॅरिसला ओसिप झाडकिन असे गुरू लाभले. पॅरिसमध्येच ते छापचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेत दाखल झाले. हेटर यांनी ती १९२७ मध्ये सुरू केली होती. पिकासो, मिरो यांनीही तिथे काम केलं. युरोपात ब्युरिन या टोकदार हत्यारानं तांबं कोरायची कला पंधराव्या शतकात सोनारांच्या हातून आली, अ‍ॅसिडनं पत्रा खाववण्याचं एचिंग त्यानंतरचं. पुढे कोरीवकाम मुख्यतः दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला काढण्यात अडकलं होतं. हेटर यांनी ब्युरिन पुन्हा चित्रकाराच्या हाती दिलं.

या कार्यशाळेत जी रंगपद्धत घडली ती शाईतल्या तेलावर चालते. आधी कोरलेल्या रेषांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा. मग जवसाचं तेल घालून पातळ केलेली शाई कडक रोलरनं फिरवायची. कडक रोलर फक्त उंच भागांना टेकतो. त्यावर दुसऱ्या रंगाची घट्ट शाई मऊ रोलरनं. हा रोलर दबून खोलगट भागांपर्यंत पोचतो, पण उंच भागांवरची तेलकट शाई घट्ट शाईला चिकटू देत नाही. रंग आपापल्या पातळीवर राहतात आणि प्रेसमधून एकदाच काढल्यावर सगळे एकत्र कागदावर उतरतात.

या शोधाचं श्रेय कधी एकट्या हेटरना, कधी एकट्या रेड्डींना दिलं जातं. मला दोन्ही अन्यायाचं वाटतं. मुंबईत जन्मलेले कैको मोती हेही त्या प्रयोगांत होते आणि त्यांचं नाव आपण तरी विसरू नये.

रेड्डींचं वेगळेपण मात्र पत्र्यावर दिसतं. पद्धतीला खोलीचे निरनिराळे थर हवेत, आणि थर घडवणं हे शिल्पकाराच्या हातचं काम. ते पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवून थांबत नसत. ब्युरिन आणि यंत्राची हत्यारं लावून त्यात चढउतार काढत. १९६३च्या 'व्हर्लपूल'मध्ये भोवऱ्याची फिरत जाणारी ओढ या चढउतारांतूनच आली आहे. पॅरिसमधला १९६८चा विद्यार्थ्यांचा उठाव 'डेमॉन्स्ट्रेटर्स'मध्ये आला.

१९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच दशकात ते न्यूयॉर्कला गेले, तिथल्या विद्यापीठात शिकवू लागले आणि २०१८ मध्ये तिथेच वारले. 'ग्रेट क्लाउन'चा पत्रा याच न्यूयॉर्कच्या काळातला, १९८१च्या सुमाराचा. त्या एकाच पत्र्यावरून त्यांनी शाया बदलून बदलून प्रती काढल्या, त्यामुळे या चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रेषा त्याच आणि रंग पार निराळे दिसतात.