रायझोम वनस्पतींची दाट वाढ

मत्स्यालयातील अनुबियास, बुसेफलँड्रा, जावा फर्न आणि बोल्बिटिस या वनस्पतींच्या आडव्या खोडाला, म्हणजे रायझोमला, जास्तीत जास्त फुटवे आणून रोप भरगच्च करण्याची पद्धत. या खोडाचा शेंडा पुढे सरकत जातो आणि मागची जुनी पाने गळतात. त्यामुळे न छाटलेले रोप लांबते, पण मागून टकले पडते. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक मागच्या डोळ्यांना दाबून ठेवते. नुसते खत वाढवून ते फुटत नाहीत, शेंडा तोडावाच लागतो.

धारदार ब्लेडने एका घावात खोड आरपार कापावे. बोथट कात्रीने ते चिरडते आणि कूज तिथूनच सुरू होते. दोन्ही तुकड्यांना किमान तीन-चार पाने आणि थोडी मुळे हवीत. रोप दगडाला घट्ट धरून बसले असेल, तर उपटण्याची गरज नाही. कापलेले तुकडे जागच्या जागी राहू द्यावेत. काही आठवड्यांनी मागच्या तुकड्यावर, गळलेल्या पानाच्या खुणेपाशी, मोहरीएवढा हिरवा उंचवटा दिसतो. तोच नवा शेंडा. अनुबियासची ‘नाना’ ही बुटकी जात महिन्याला जेमतेम एखाद-दुसरे पान काढते, तेव्हा घाई करून पुन्हा कापू नये.

लवकर झुडूप हवे असेल, तर चार-पाच तुकडे एकाच दगडावर, शेंडे बाहेरच्या दिशेला करून, सायनोॲक्रिलेट जेलच्या (घट्ट सुपरग्लूच्या) थेंबाने चिकटवतात. खोड वाळूत पुरू नये, ते सडते. सडलेला भाग मऊ पडतो व त्याला घाण वास येतो. टणक, हिरवा गाभा लागेपर्यंत तो कापून टाकावा.

प्रकाश मंद ते मध्यम, रोज सहा ते आठ तास पुरतो. जास्त दिला तर संथ वाढणाऱ्या पानांवर शेवाळ बसते. जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडणे हे बहुधा पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण. जावा फर्नच्या पानाखाली ओळीने येणारे तपकिरी ठिपके मात्र रोग नव्हेत, त्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, आहेत. त्याच्या जुन्या पानांवर येणारी पिल्ले मुळे धरली की मोकळ्या जागी लावता येतात.

टाकी बदलल्यावर बुसेफलँड्राची पाने कधीकधी वितळून जातात. खोड टणक असेल, तर ते फेकू नये.