एल४०२: आगाऊ पैसे भरून चालणारं वेब सेशन

एल४०२ म्हणजे आधी थोडे पैसे भरायचे, बदल्यात एक टोकन घ्यायचं आणि मग त्या टोकनवर एखाद्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती किंवा काम मागायची सोय) भरलेल्या पैशात बसतील तेवढ्या रिक्वेस्ट मारत राहायचं, अशी पद्धत. अकाउंट उघडायचं नाही, ईमेल नाही, पासवर्ड नाही, कार्ड नंबर नाही, पैसे भरल्याचा पुरावा हेच लॉगिन. लायटनिंग लॅब्स या कंपनीने ही पद्धत आणली, आधी तिला एलसॅट म्हणायचे. नावातला ४०२ हा एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचा, स्टेटस कोड आहे, 'पेमेंट रिक्वायर्ड'. ४०४ सगळ्यांच्या ओळखीचा, पण ४०२ हा १९९७ च्या आरएफसी २०६८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) पासून नुसता 'पुढच्या वापरासाठी राखीव' म्हणून पडून होता आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तसंच लिहिलंय. कारण सरळ आहे, चार-आठ आण्यांचं पेमेंट कार्डाने घ्यायला गेलं तर फीच त्याच्यापेक्षा जास्त बसते. लायटनिंग नेटवर्कवर (बिटकॉइनची छोटी पेमेंट झटपट करायचं नेटवर्क) मात्र एक सातोशीसुद्धा पाठवता येतो, आणि असे दहा कोटी सातोशी मिळून एक बिटकॉइन होतो.

प्रत्यक्षात होतं असं. तुमची स्क्रिप्ट टोकन न देता रिक्वेस्ट पाठवते, एपीआयच्या पुढे बसलेला प्रॉक्सी (येणारी रिक्वेस्ट आधी तपासणारा मध्यस्थ प्रोग्राम), लायटनिंग लॅब्सचा स्वतःचा गो भाषेत लिहिलेला ओपन सोर्स प्रॉक्सी म्हणजे ॲपर्चर, तिला ४०२ देऊन परत पाठवतो आणि उत्तराच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडरमध्ये दोन गोष्टी देतो: एक मॅकरून नावाचं टोकन आणि एक लायटनिंग इन्व्हॉइस, म्हणजे भरायच्या रकमेचं बिल. इन्व्हॉइस भरलं की पैसे देणाऱ्याच्या हातात ३२ बाइटचा प्रीइमेज, म्हणजे एक गुप्त आकडा, येतो, तो पैसे पोचल्याशिवाय मिळतच नाही. मग पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला ऑथरायझेशन हेडरमध्ये एल४०२, मग मॅकरून, मग कोलन आणि प्रीइमेज असं जोडून पाठवायचं. सर्व्हर प्रीइमेजचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ आकडा उलटा काढता येत नाही असा ठसा) काढतो आणि मॅकरूनमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या पेमेंट हॅशशी जुळवतो, जुळला तर पैसे आलेत. दर रिक्वेस्टला लायटनिंग नोडला (पेमेंट घेणाऱ्या नेटवर्कवरच्या मशीनला) विचारत बसावं लागत नाही.

मॅकरून ही यातली सगळ्यात भारी गोष्ट. गुगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पेपर लिहून ती मांडली. साध्या कुकीला अटी जोडता येत नाहीत, मॅकरूनला येतात, आणि त्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही, टोकन ज्याच्या हातात आहे तो स्वतः जोडू शकतो. सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने पहिली एचमॅक सही (किल्ली मिसळून काढलेला हॅश) करतो, मग अट जोडताना आधीच्या सहीलाच किल्ली मानून त्या अटीवर नवी सही काढायची आणि जुनी पुढे द्यायची नाही. समजा तुमच्याकडे महिनाभराचं टोकन आहे आणि ते एखाद्या एआय एजंटला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला द्यायचंय, तर 'फक्त आज संध्याकाळपर्यंत' आणि 'फक्त वाचायची परवानगी' अशा दोन अटी चिकटवायच्या आणि मग द्यायचं, त्याला त्या अटी काढता येत नाहीत कारण सहीवरून उलटं मागे जाता येत नाही. अर्थात त्या अटी कशा लिहायच्या हे सर्व्हरला समजणारं हवं, न कळणारी अट दिसली की सर्व्हरने रिक्वेस्ट नाकारावी हेच बरोबर.

हे सगळं का महत्त्वाचं, तर हे टोकन ज्याच्या हातात त्याचं. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पाससारखंच एकदा पैसे भरून मोकळं व्हायचं, पण तुमचं नाव कुठेच नाही, त्यामुळे चोरीला गेलं तर ते माझं होतं असं सांगून परत मिळवता येत नाही.

म्हणून टूल वापरताना काळजी घ्यावीच लागते. कर्ल हे कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल, त्याच्या कमांडमध्ये सरळ टोकन टाइप केलं तर ते शेलच्या हिस्टरीत राहतं आणि त्याच मशीनवरच्या इतरांना चालू प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतं, त्यापेक्षा हेडर फाइलमध्ये ठेवून ती फाइल कर्लला द्यावी, ७.५५.० आवृत्तीपासून ती सोय आहे. ७.५८.० पासून कर्ल रीडायरेक्ट होऊन दुसऱ्या होस्टवर गेल्यावर हाताने दिलेला ऑथरायझेशन हेडर आपणहून पुढे पाठवत नाही, त्याआधीच्या जुन्या आवृत्त्या पाठवायच्या, तेव्हा सर्व्हरवर कुठलं कर्ल आहे ते बघून घ्या. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स लायब्ररीचं सेशन ऑब्जेक्ट घेतलं की हेडर एकदाच सेट होतो. आणि टूल स्वतःहून पैसे भरणार असेल तर वरची मर्यादा लागतेच. ॲपर्चरच्या क्लायंट कोडमध्ये टोकनसाठी १००० सातोशी आणि राउटिंग फीसाठी (पेमेंट पुढे पोचवणाऱ्या वाटेतल्या नोडची फी) १० सातोशी अशी डिफॉल्ट मर्यादा ठेवलेली होती, ही फार चांगली सवय आहे, नाहीतर सर्व्हरने कितीही रक्कम मागितली तरी स्क्रिप्ट मुकाट भरून टाकेल.

अवघड भाग मोजणीचा. मुदत मॅकरूनमध्ये लिहिता येते, पण 'आतापर्यंत किती रिक्वेस्ट झाल्या' हे टोकनला कळत नाही, ते सर्व्हरलाच डेटाबेसमध्ये मोजावं लागतं. तिथे एकाच वेळी दोन रिक्वेस्ट आल्या आणि शिल्लक एकाचीच असेल तर बॅलन्स तपासणं आणि वजा करणं एकाच अखंड स्टेपमध्ये झालं पाहिजे. दुसरं म्हणजे पैसे कापले गेले आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटलं, मग स्क्रिप्ट तीच रिक्वेस्ट परत पाठवते आणि ग्राहकाला दोनदा भुर्दंड. याला उपाय म्हणजे प्रत्येक कामाला एक वेगळी आयडेंपोटन्सी की, म्हणजे त्या कामाचा ओळख क्रमांक, लावायची, तीच की परत आली की सर्व्हरने पैसे न कापता आधीचंच उत्तर द्यायचं. प्रीपेड सेवा विकणाऱ्याने हे केलंच पाहिजे, कारण इथे अकाउंटच नसल्याने तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला ओळखणंही कठीण असतं.

२०२५ मध्ये ४०२ ला एकदम मागणी आली. कॉइनबेसने मे महिन्यात यूएसडीसीसारख्या स्टेबलकॉइनवर (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं क्रिप्टो) चालणारा एक्स४०२ आणला आणि जुलैत क्लाउडफ्लेअरने एआय क्रॉलरकडून (वेबसाइटची पानं आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) पानागणिक पैसे घ्यायला हाच कोड वापरला.

भारतातून वापरणाऱ्याला कराचा विचार करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेच्या वर १ टक्का टीडीएस, आणि बिटकॉइन देऊन सेवा विकत घेणं हेही हस्तांतरणात मोडतं. रक्कम दोन रुपयांची असली तरी नोंद लागतेच, म्हणून टूलच्या लॉगमध्ये तारीख, सातोशी आणि त्या वेळचा रुपयातला भाव सुरुवातीपासूनच लिहिला जाईल असं करून ठेवावं, फक्त प्रीइमेज आणि मॅकरून त्या लॉगमध्ये जाऊ देऊ नयेत.