गावतळ्यातला गाळ काढायचाय? अर्जाआधी ठराव नीट लिहा

तळ्याच्या कामाचा अर्ज अनेकदा पहिल्याच प्रश्नावर अडतो: तळं कोणाचं? म्हणून तलाठी कार्यालयातून तळ्याच्या गटाचा 7/12 आणि नकाशा आधी काढून घ्या. गावकरी ज्याला ‘आपलं तळं’ म्हणतात ते कागदावर जिल्हा परिषदेचं निघतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांपैकी (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेले) 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आहेत. तिथे लघु पाटबंधारे विभागाची नाहरकत लागते. तळं मासेमारीसाठी ठेक्यावर असेल तर मच्छीमार संस्थेलाही बोलवा. मागाहून वाद नको.

आता ठराव. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर हवेत. 1 मेच्या सभेत विषय घेतला तर अंदाजपत्रक होईतो मृगाचा पाऊस येतो. ऑगस्ट किंवा ऑक्टोबरच्या सभेत घ्या, गावाच्या विकास आराखड्यात नोंदवा, हिवाळ्यात मोजमाप करून घ्या. पाणी आटलं की काम सुरू.

ठरावात सहसा एकच ओळ असते, ‘तलावाचे खोलीकरण करणे’. या ओळीवर जेसीबी येतो आणि तळ्याचा हौद करून जातो. काठ उभे कापले की पाणकोंबडीला घरटं करायला आणि कमळपक्ष्याला चालायला जागाच उरत नाही. म्हणून काय खणायचं नाही तेही लिहा: एका बाजूचा उथळ उतार तसाच राहील, काठावरची झाडं तुटणार नाहीत, बेशरम मुळासकट निघेल पण देवधान (जंगली भात) आणि कमळाचे पट्टे राखले जातील. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, तलावांतून बेशरम उपटून पाण्याखालच्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा गावठी मासे परतले. नुसत्या खोदकामाने हे झालं नसतं.

गाळासाठी मृद व जलसंधारण विभागाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. 2017 ला सुरू झाली, 2023 मध्ये नव्या दरांनी पुन्हा आली. लाभक्षेत्र 600 हेक्टरपेक्षा कमी असलेले जलसाठे तिच्यात बसतात. वाळू उपसायला पूर्ण बंदी. 2023 च्या शासन निर्णयानुसार यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरला 31 रुपये धरले आहेत. अल्प आणि अत्यल्पभूधारक, म्हणजे 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला गाळ शेतात पसरायला घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15,000 आणि एकूण 37,500 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरीही पात्र आहेत. मोठ्या शेतकऱ्याने गाळ स्वखर्चाने न्यायचा.

ग्रामपंचायतीचा अर्ज जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्याकडे जातो. सोबत ठरावाची प्रत, 7/12, नकाशा, नाहरकत आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी जोडा. शेतकऱ्याकडून 7/12, 8अ, आधार, बँक पासबुकाची प्रत, आणि लागू असेल तिथे पतीचा मृत्यू दाखला किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र. 7/12 वरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच पाहा. पैसे थेट खात्यावर जातात आणि तिथेच अडकतात.

गटाराचं तोंड तळ्यात असेल तर वरचं सगळं पाण्यात जाईल, अगदी शब्दशः. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपये, त्याहून मोठ्या गावाला 660 रुपये धरले आहेत. शोषखड्डे, स्थिरीकरण तळी (सांडपाणी निवळवणारी) या पैशातून होतात. गाळाच्या प्रस्तावाआधी हा प्रस्ताव पंचायत समितीत द्या.

आणि काम सुरू होण्याआधी पाणी तपासून अहवाल फाइलला लावा, नाहीतर वर्षभराने फरक कशाशी ताडणार? मासे आणि वन्यजीवांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, सामू (pH) 6.5 ते 8.5, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ऑक्सिजनचा नमुना दुपारी घेऊ नका. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा छान दिसतो. पहाटे तो सगळ्यात खाली असतो आणि मासे मरतात ते त्याच वेळी.