पगारपत्रकातले दोनशे रुपये आणि रोजगार हमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्याच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक ओळ असते. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ही कपात नेमकी कशापायी सुरू झाली, हे आता फारसे कुणी विचारत नाही. १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची आणि त्या निधीतून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, असा हिशेब होता. बेकारी हटवण्याच्या घोषणा आपल्याकडे उदंड झाल्या. घोषणेसोबत पैशाची वेगळी सोय केल्याची उदाहरणे थोडी.

त्याआधीची भिस्त कारखान्यांवर होती. पंचवार्षिक योजनांतून उद्योग वाढतील आणि नोकऱ्या आपोआप निघतील, अशी समजूत होती. सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये निघाली ती महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांसाठी. पुढे १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन आले. मेख इथेच होती: जागा कळवायची, पण माणूस त्या कार्यालयाच्या यादीतूनच घ्यायचा असे बंधन नव्हते. नाव नोंदवून कार्ड मिळायचे, नोकरी मिळेलच याची खात्री नसायची. शेतमजुराला तर त्या खिडकीचा काहीच उपयोग नव्हता.

त्याची बेकारी मोजायची कशी, हाही घोळ होता. १९७० मध्ये बेकारीच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या दांतवाला समितीने सांगितले की शेतीप्रधान देशात बेकारीचा एकच आकडा काढणे योग्य नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या घ्या. हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते, हंगाम संपला की हात रिकामे. वर्षभराचा निकष लावला तर तो ‘रोजगारात’ मोजला जातो. दिवसांचा हिशेब मांडला तरच रिकामे दिवस दिसतात. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वर्ष, आठवडा आणि दिवस असे वेगवेगळे मापदंड वापरात आले. आजही बेकारीच्या आकड्यांवर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू बहुधा वेगवेगळे माप हातात धरून भांडत असतात.

हमीची कल्पना कोल्हापूरच्या शेजारचीच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला हा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने त्याला निकड आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, कितीतरी नुसती खडी फोडत. दुष्काळ सरल्यावर ढीग तसेच पडून राहिले. त्यातून धडा घेऊन पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशा टिकाऊ कामांवर भर आला. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

कागदावरची हमी कामावर कुठे अडते, ते कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे गेले की कळते. नवे काम काढायला किमान ५० मजूर हवेत, असा मूळ नियम होता. शाहूवाडी-गगनबावड्याच्या विखुरलेल्या वाड्यांत एका जागी ५० जमणे अवघड. मजुरी हजेरीवर नसून मापावर. टोळीने खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेऊन घनमीटर काढायचे आणि माती, मुरूम की खडक यानुसार दर लावायचा. खोली पटावी म्हणून खणताना मध्ये मूळ जमिनीचा उंचवटा राखतात. तो आधीच काढून टाकला की मोजणारा म्हणेल ती खोली. जांभ्याचे खोदकाम ‘माती’ म्हणून लिहिले गेले तर दिवसभर पहार चालवूनही निम्मीच मजुरी हाती पडू शकते. उसाच्या पट्ट्यात तोडणी-भरणीला जास्त पैसे मिळत असतील, तर तिथला मजूर या कामाकडे कशाला वळेल?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगारविषयक धोरणाचा करार, क्रमांक १२२, भारताने १९९८ मध्ये स्वीकारला. महाराष्ट्राची हमी २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर नेली, पण वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांच्या मर्यादेसह. १५ दिवसांत काम न दिल्यास त्यात बेकारी भत्ता होता: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मा. मजुरीचा भार केंद्राने उचलायचा, भत्त्याचा राज्याने, अशी त्या कायद्यात वाटणी होती. भत्ता मागायचा तर काम कधी मागितले याचा पुरावा लागे, त्यामुळे तोंडी मागणी करून घरी गेलेल्या मजुराच्या हाती काहीच उरत नसे. लेखी अर्ज आणि तारीख घातलेली पोचपावती, दोन्ही हवे. पावतीवर तारीख नसेल तर १५ दिवस कुठून मोजायचे?