ऑथेल्लो (रिव्हर्सी) : हातातील उपकरणांवरचा खेळ

८×८ घरांच्या पटावर दोघांनी खेळायचा बैठा खेळ. प्रत्येक सोंगटीची एक बाजू काळी, दुसरी पांढरी असते. सुरुवातीला पटाच्या मध्यावरच्या चार घरांत दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या सोंगट्या कोनाकोनी मांडतात. पहिली खेळी काळ्याची. आपली नवी सोंगटी आणि आपलीच पटावरची एखादी जुनी सोंगटी यांच्यामध्ये आडव्या, उभ्या किंवा तिरप्या रेषेत सलग सापडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या सोंगट्या उलटून आपल्या रंगाच्या करायच्या. एकही सोंगटी उलटत नसेल तर तिथे खेळता येत नाही, आणि कुठेच खेळता येत नसेल तर पाळी सोडावी लागते. दोघांनाही खेळी उरली नाही की डाव संपतो. ज्याच्या सोंगट्या जास्त तो जिंकतो. नियम एवढेच असल्याने मोबाइल, टॅबलेट आणि हातात धरायचे गेम कन्सोल यांवर हा खेळ सहज बसला. मात्र तिथे तो खेळण्याची, आणि त्याहून अधिक तो शिकण्याची, तऱ्हा बदलली आहे.

रिव्हर्सी हा मूळ खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पुढे आला. त्याच्या जनकत्वावरून लुईस वॉटरमन आणि जॉन मॉलेट यांच्यात वाद होता. त्या खेळात पहिल्या चार सोंगट्या मधल्या घरांत खेळाडू आपल्या मर्जीने ठेवत आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजून ३२ सोंगट्या असत. आजचे रूप जपानमधील गोरो हासेगावा यांचे. आरंभीची मांडणी ठरलेली आणि सोंगट्या सामाईक, असा हा खेळ त्सुकुदा कंपनीने १९७३ मध्ये ऑथेल्लो या नावाने बाजारात आणला. नाव सुचवले हासेगावांच्या वडिलांनी. ते इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि शेक्सपिअरच्या नाटकातील काळ्या-गोऱ्या जोडीची उलथापालथ त्यांना या पटावर दिसली. (मराठी रंगभूमीने हेच नाटक देवलांच्या ‘झुंजारराव’मधून आपलेसे केले आहे.) पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये टोकियोत झाली आणि जपानचे हिरोशी इनोउए विजेते ठरले.

ऑथेल्लो हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, रिव्हर्सी हे नाव मात्र कोणालाही वापरता येते. त्यामुळे मोबाइलवरील बहुतेक ॲप रिव्हर्सी या नावाखाली मिळतात, पण मांडणी आणि नियम ऑथेल्लोचे असतात. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने आपल्या खेळसंग्रहांत दोन्ही नावे टाळली. डीएस या कन्सोलवर हाच खेळ ‘टर्नकोट’ म्हणून आणि स्विचवर ‘रेनेगेड’ म्हणून आहे. दोन्हींचा अर्थ पक्ष बदलणारा, म्हणजे नावातही सोंगटीचा स्वभाव उतरला आहेच.

यंत्रांशी या खेळाचे नाते जुने. निन्टेन्डोने १९७८ मध्येच आर्केडसाठी (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी) कॉम्प्युटर ऑथेल्लो काढला होता. विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीसोबत रिव्हर्सी येत असे. पुढे विंडोज एक्सपीमध्ये इंटरनेटवरून अनोळखी माणसाशी खेळायची रिव्हर्सी होती. हातात धरायच्या यंत्रांपैकी गेम बॉयवर १९९० मध्ये ऑथेल्लो आला. अशा यंत्रांना हा पट जणू मापाचा होता. गेम बॉयचा पडदा १६०×१४४ ठिपक्यांचा. एका घराला १६ ठिपके दिले तरी आठ घरे १२८ ठिपक्यांत मावतात आणि गुण दाखवायला जागा उरते. रंग नसल्याने काही बिघडत नव्हते, कारण खेळाला लागतात दोनच छटा. प्रक्रियक (प्रोसेसर) ८ बिटांचा असेल तर पटाच्या एका ओळीतली एका रंगाची घरे आठ बिटांच्या एका बाइटमध्ये बरोबर बसतात. आजच्या ६४ बिटांच्या मोबाइलमध्ये दोन संख्यांत सगळा डाव सामावतो: एकीत काळ्यांची घरे, दुसरीत पांढऱ्यांची. कोणती खेळी वैध आहे आणि तिने काय काय उलटेल, हे मग काही मोजक्या गणिती क्रियांत निघते. जुन्या नोकियासारख्या ८४×४८ ठिपक्यांच्या पडद्यावर मात्र एका घराला सहाच ठिपके येतात. तिथे खेळणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

खऱ्या पटावर एका खेळीत आठही दिशांना सोंगट्या उलटाव्या लागू शकतात. नवशिक्यांकडून एखादी रेष राहून जाते, क्वचित नको ती सोंगटी उलटली जाते आणि डाव नासतो. उपकरण हे काम क्षणात आणि बिनचूक करते. वैध घरांवर ते बारीक ठिपकेही दाखवते. ही सोय मोठी असली तरी रेषा वाचण्याची सवय तिच्यामुळे लागत नाही. ठिपके बंद करायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते आणि थोडे खेळून झाल्यावर ती वापरावी. पाळी सुटली की काही ॲप काही न सांगता पुढची खेळी करून टाकतात. संगणकाने लागोपाठ दोनदा खेळून लबाडी केली, असे नव्या खेळाडूला तेव्हा हमखास वाटते. शिवाय बोट. साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर एक घर जेमतेम आठ मिलिमीटरचे होते. अंगठा शेजारच्या घरावर पडला तर या खेळात कोपराच हातचा जाऊ शकतो. म्हणून ‘खेळी मागे घ्या’ हे बटण प्रत्यक्ष पटाला परके असले तरी मोबाइलवर त्याची गरज खरी आहे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पडद्याच्या कडेला सतत बदलत राहणारा आकडा: काळे २१, पांढरे ९. खऱ्या पटावर डावाच्या मध्यात सोंगट्या मोजत कोणी बसत नाही. उपकरण त्या प्रत्येक खेळीला मोजते, ठळक अक्षरात दाखवते आणि खेळाडू नकळत तो आकडा वाढवण्यासाठी खेळू लागतो. ऑथेल्लोत मधल्या टप्प्यात याहून निरुपयोगी दुसरा आकडा नाही. शेवटच्या काही खेळ्यांत वीस-वीस सोंगट्यांचे पारडे फिरते. त्याआधी जास्त सोंगट्या असणे हे बहुधा दुखणेच ठरते. प्रतिस्पर्ध्याला खेळी मिळते ती आपल्या सोंगट्या उलटूनच. आपल्या सोंगट्या बाहेरच्या कडेला, रिकाम्या घरांना लागून जितक्या पसरलेल्या, तितके त्याला पर्याय अधिक. जाणकार खेळाडू म्हणून कमी सोंगट्या उलटतो, त्या गर्दीच्या आत ठेवतो आणि समोरच्याच्या खेळ्या आटवत नेतो. चांगली खेळी उरली नाही की समोरच्याला कोपऱ्याच्या तिरपे लगत असलेल्या घरात खेळावे लागते, आणि मग कोपरा मिळतो. कोपऱ्यातली सोंगटी कधीच उलटत नाही. तिच्या आधाराने कडेची रांगही पक्की होत जाते. डावाच्या अखेरीस शेवटची खेळी कोणाला मिळते यावर भर येतो. कोणी पाळी सोडली नाही तर ६० वी खेळी पांढऱ्याची असते, आणि एखाद्या भागात विषम संख्येने घरे रिकामी ठेवून हा हिशेब फिरवता येतो. एकूण आकड्याऐवजी दोघांकडे किती वैध खेळ्या आहेत हे दाखवले असते, तर ॲपने नवशिक्याला बरेच काही शिकवले असते.

खिशातला प्रतिस्पर्धी किती तगडा असू शकतो, याचा अंदाज इतिहासातून येतो. १९८० मध्ये ‘द मूर’ या प्रोग्रामने जगज्जेते इनोउए यांच्याविरुद्ध सहापैकी एक डाव जिंकला, तेव्हा ती बातमी होती. १९९७ मध्ये मिखाएल बुरो यांच्या ‘लॉजिस्टेलो’ने तेव्हाचे जगज्जेते ताकेशी मुराकामी यांना ६-० ने हरवले आणि माणूस विरुद्ध यंत्र हा प्रश्न या खेळापुरता मिटला. ६×६ च्या पटावर दोघेही अचूक खेळले तर पांढरा २०-१६ ने जिंकतो, हे १९९३ मध्ये जोएल फाइन्स्टाइन यांनी दाखवले. पूर्ण पट अचूक खेळाने बरोबरीत सुटतो, असा दावा हिरोकी ताकिझावा यांनी २०२३ मध्ये एका शोधनिबंधातून केला. त्यासाठीची आकडेमोड मोबाइलच्या आवाक्यातली नाही, पण शेवटची वीसेक घरे उरली की साधा मोबाइलही उरलेला डाव अचूक सोडवतो. त्यामुळे ॲपमधल्या ‘सोप्या’ पातळीचा प्रोग्राम मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. तो अनेकदा मधूनच एखादी बाष्कळ खेळी करून हरतो आणि त्यातून शिकण्यासारखे फारसे मिळत नाही.

अभ्यासासाठी वेगळी ॲप आहेत. गुन्नार आंडरसन यांच्या ‘झेब्रा’वर आधारलेले ‘ड्रॉइडझेब्रा’ प्रत्येक वैध घरावर त्या खेळीचे मोल अंकांत दाखवते. हेच ॲप शेजारच्या मोबाइलवर उघडून ऑनलाइन डाव खेळणारेही असतात, आणि केवळ खेळ्या पाहून ही लबाडी सिद्ध करणे अवघड जाते. डाव टिपून ठेवणे मात्र अगदी सोपे. स्तंभांना ए ते एच अक्षरे, ओळींना वरून १ ते ८ अंक. एका खेळीला दोन चिन्हे पुरतात, उदाहरणार्थ एफ५. साठ खेळ्यांचा संपूर्ण डाव १२० चिन्हांत, म्हणजे १६० अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये जातो. प्रारंभीच्या खेळ्यांची जपानी नावे प्राण्यांची आहेत: वाघ, ससा, गाय, उंदीर. उंदीर पांढऱ्यासाठी कमकुवत समजला जातो.

प्रवासासाठी लोहचुंबकी सोंगट्यांचे घडीचे पटही मिळतात. गाडीच्या हादऱ्यांनी त्यावरचा डाव विस्कटत नाही. एकच मोबाइल मध्ये ठेवून दोघांनी खेळण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते आणि ऑथेल्लोला ती बुद्धिबळापेक्षा जास्त मानवते. बुद्धिबळाच्या पडद्यावरील घोडा आणि हत्ती समोर बसलेल्याला उलटे दिसतात. इथे गोल सोंगटीला वर-खाली असे काही नाही, त्यामुळे पडदा फिरवावा लागत नाही.