भाड्याच्या जागेचा मालक बदलला तर: भाडेकरूचे हक्क, कागदपत्रं आणि अर्ज

खरेदीखत झालं म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२च्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. जागा, भाडं आणि अटी आहे त्याच राहतात. खरेदीखतात ‘रिकामा ताबा दिला’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. पण तो विकणारा आणि घेणारा यांच्यातला व्यवहार आहे, त्यावर तुमची सही नाही.

आधी आपला कागद नीट वाचा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे मालकाच्या परवानगीपुरते राहणारे, आहात, आणि सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार नव्या मालकावर तो परवाना बंधनकारक नाही. मात्र नव्या मालकाने सामान हलवायला रास्त मुदत द्यावी लागते. मुदतीआधी विनाकारण बाहेर काढलं तर भरपाई मागायची ती परवाना देणाऱ्या जुन्या मालकाकडे. म्हणूनच जुन्या भाडेकरूसाठी सगळ्यात मोठा सापळा नव्या मालकाच्या एका वाक्यात असतो: ‘काका, नाव बदललंय, नवीन करार करून टाकू.’ त्या कागदावर ‘लायसन्स’ शब्द असेल तर सही करू नका. राहण्याच्या जागेबाबत असा लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. वीस वर्षांची भाडेदारी एका सहीत जाते.

मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४चा घरभाडे कायदा होता, त्यामुळे जुन्या कागदांत ‘भाडे नियंत्रक’ (तेव्हा भाड्याचे वाद ऐकणारा अधिकारी) दिसतो. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे आणि जागा खाली करण्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो, तालुक्याला बहुधा कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे. त्यामुळे आता तहसीलमध्ये अर्ज देऊन बसण्यात वेळ जातो. हा कायदा अनुसूचीतल्या शहरी भागांपुरता आहे. बँका आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना त्याचं संरक्षण नाही.

आता भाडं कोणाला द्यायचं? विक्री झाल्याचं माहीत नसताना जुन्या मालकाला दिलेलं भाडं पुन्हा द्यावं लागत नाही. कळल्यावर मात्र नव्या मालकाकडे खरेदीखताची प्रत किंवा सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) मागा. ती दुय्यम निबंधक कार्यालयातूनही मिळते. विक्रीपूर्वीची थकबाकी नव्या मालकाची होत नाही, खरेदीखतात ती वेगळी लिहून दिली असेल तरच होते. अनामत रकमेवरून हमखास भांडण होतं, तेव्हा ती कोणाकडे आहे हे दोघांच्या सहीने एका पत्रावर घ्या.

भाडं घेत नसतील तर मनीऑर्डर करा, नाकारली गेल्याचा शेरा असलेली परत आलेली पावती जपा. बँकेत पाठवलं तर महिना लिहा. बेदखलीचे बरेच दावे याच ठिकाणी जिंकले किंवा हरले जातात. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस दावा करता येत नाही. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत सगळी थकबाकी, वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च न्यायालयात भरून पुढचं भाडं नियमित दिलं, तर त्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के.

जागा खाली करायला लावण्याची बाकी कारणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये आहेत: परवानगीविना पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने सलग जागा विनाकारण न वापरणं, मालकाची खरी गरज. ‘खरी गरज’ नवा मालकही मांडू शकतो. तेव्हा न्यायालय दोघांपैकी कोणाला जास्त त्रास होईल हे तोलतं, म्हणून मुलांची शाळा, दुकानाचं उत्पन्न, आसपास दुसरी जागा शोधल्याचे पुरावे तयार ठेवा.

कुलूप लावलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्याचा दावा करता येतो. मालकीचा प्रश्न तिथे येत नाही. वीज-पाणी तोडलं तर भाडे कायद्याच्या कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करा, अंतरिम आदेश मिळू शकतो. धमकीच असेल तर मनाई हुकमाचा दावा आणि सोबत कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा न्यायालयात आगाऊ दिलेला अर्ज. कॅव्हेट ९० दिवस टिकतं.

सोबत लागतात: करार असल्यास तो, भाडेपावत्या, वीजबिलं, आधार, रेशनकार्ड, कर आकारणीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून नोंद असल्यास त्याची नक्कल, नोटीस आणि पाकीट. पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदत मोजायला लागतो, ते फेकू नका. करार नोंदवला नसेल तर नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज द्या. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी न थांबता जातीचा दाखला किंवा ओळखपत्र जोडावं. इतर बहुतेकांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो.